तेलाची गुळणी

उद्धवरावांच्या तोंडाला वास येतो हे बोथ गावच्या सरकारी कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि उद्धवरावांनाही. शेजारचा कारकून त्यांच्याशी भिंतीकडे तोंड करून बोले. शिपाई मारोतराव कागद लांबूनच हात ताणून देई. त्याची त्यांना सवय झाली होती. एकाच गोष्टीची होत नव्हती. गावातच दिलेल्या लेकीची दोन वर्षांची मुलगी, चिमी, आजोबांनी उचललं की त्यांच्या तोंडावर पंजा दाबून मान फिरवी आणि भोकाड पसरी.

साल छप्पन. हैदराबाद राज्य मोडून भाषावार वाटणी व्हायची होती. बोथ तेलुगू मुलखात राहणार आणि मराठी नोकरांना औरंगाबादेकडे धाडणार, अशी बोलवा होती. मग कळलं, बदल्या ठरवायला हैदराबादेहून साहेब येणार आहेत. ज्याला इथंच राहायचं असेल त्यानं समोर उभं राहून तोंडी सांगायचं.

"साहेबासमोर तोंड उघडाल, आन् दुसऱ्या दिवशी गाठोडं बांधाल," रेणुकाबाई म्हणाल्या.

"काऊन असं बोलून राह्यली? लेक इथं, नात इथं. मी नाई जात कुटं."

पण बायकोचं म्हणणं त्यांना पटलं होतं. ते वैद्य माणिकरावांकडे गेले. माणिकरावांनी जीभ पाहिली आणि बाजेवरचे उठून खिडकीशी जाऊन बसले.

"निंबाची काडी करा, जीभ खरवडा," ते तिथूनच म्हणाले, "आन् तिळाच्या तेलाची गुळणी धरा. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर धरायची. गिळू मात्र नका, सारं इख त्यात उतरते."

उद्धवराव नेमानं लागले. वास उतरू लागला, पण त्यांचा त्यावर विश्वास बसेना. साहेब आले त्या दिवशी ते तेलाची बाटली खिशात घालूनच कचेरीत गेले. दुपारी साहेबांचं ताट आलेलं दिसलं. आता तासभर तरी निवांत, असं समजून त्यांनी कचेरीमागं जाऊन जरा जास्तच तेल तोंडात घेतलं.

"अवो उद्धवराव!" मारोतराव धावत आला. "साहेब म्हणते, जेवण मंग, आदी जुने लोक. चला!"

त्यानं दंड धरून त्यांना ओढतच नेलं. दार सताड उघडं, आणि साहेब नेमके यांच्याकडेच पाहत होते. हुजुरांदेखत थुंकणं म्हणजे बेअदबी. निजामाच्या अमलात त्यापायी एकाला याच ओसरीवरून घरी जावं लागलं होतं. आणि गिळावं, तर इख.

"बोलो, यहीं रहना है, या अपने मराठी मुल्क में जाना है?"

"म्म्म," उद्धवराव म्हणाले. मान हलवावी तर ओठांतून तेल येऊ लागलं. त्यांनी हात जोडले. गुळणीनं आपलं काम चोख केलं होतं. दोन्ही डोळ्यांतून धारा लागल्या.

"क्या हुआ इनको?"

"साब, खुशी से रो रहे," मारोतरावानं मनापासून सांगितलं. "मुल्क का नाम निकला ना."

साहेबांनी मान डोलावून यांचं नाव यादीत सगळ्यांत वर लिहिलं. औरंगाबाद नक्की झालं.

उद्धवराव ओसरीवरून उडी मारून मागं गेले, थुंकले, चूळ भरली आणि परत धावले. तोवर साहेब जीपमध्ये बसले होते.

"हुजूर! मेहरबानी करके..."

"अरे, शुक्रिया की जरूरत नहीं. आपका नाम सबसे ऊपर," साहेबांनी त्यांचा खांदा थोपटला. जीप गेली. साहेबांनी नाकाला रुमाल लावला नव्हता, हे फक्त मारोतरावाच्या ध्यानात आलं.

पुढं अर्ज झाले, विनंत्या झाल्या. सगळ्यांचं उत्तर एकच आलं. तुम्ही तर साहेबांपुढं आनंदानं रडला होता.

निघायच्या दिवशी लेक मोटारीपाशी आली. चिमीनं आजोबांकडे हात पसरले. त्यांनी भीतभीतच तिला घेतलं. तिनं त्यांच्या ओठांजवळ नाक नेलं, हुंगलं आणि खांद्यावर डोकं टाकलं.

"वैद्याचा गुण आला म्हना," रेणुकाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

मोटार सुरू झाली, तरी चिमी खाली उतरेना. लेकीनं तिला ओढून घेतलं.