कुंड्यांची ओपीडी

आमच्या गल्लीत कुणाचं झाड आजारी पडलं तर व्यंकटमामा आधी मातीला कान लावतात. मग तपकिरी बाटलीतलं हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणाने मोजून तांब्याभर पाण्यात टाकतात, बुंध्याशी ओततात आणि पुन्हा कान लावतात. माती फसफसली की म्हणतात, "बोलली. जगतंय."

मामा लातूरजवळच्या मुरुडला सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथं याच औषधानं त्यांनी अर्ध्या तालुक्याचे फुटलेले गुडघे धुतले. निवृत्त झाल्यावर गुडघे मिळेनात, म्हणून लातूरला आमच्या शेजारी येऊन त्यांनी कुंड्या धरल्या. कुंडीला ते पेशंट म्हणतात. माझ्या कढीपत्त्याचा केसपेपर त्यांच्याकडे आहे. त्यावर 'नातेवाईक निष्काळजी' असा शेरा आहे. नातेवाईक म्हणजे मी.

लातुरात झाडं पाणी जास्त होऊन मरतात, हे बाहेरच्याला पटणार नाही. पण आमच्याकडे नळ येतो आठ-दहा दिवसांनी. आला की साठवलेलं सगळं पाणी शिळं ठरतं आणि एकदम झाडांवर रिकामं होतं. आठवडाभर उपास, मग बुडून मरण. म्हणून नळाच्या दुसऱ्या दिवशी मामांच्या ओट्यापुढं मुळं कुजलेल्या कुंड्यांची रांग लागते. एकदा ती बसस्टँडपर्यंत गेली होती. रांगेत एक नारळाचं झाडही होतं. कसं आणलं ते विचारू नका.

मामा सगळ्यांना झापतात. "ताई, झाड हाय का म्हैस? मुळाला दम घ्यायला जागा ठिवा की. मातीत बोट घाला. वलं लागलं तर तांब्या खाली ठिवायचा." एकीनं त्यांच्यादेखत जास्त पाणी घातलं, तर तिचा तांब्याच त्यांनी आठ दिवस जप्त केला.

एवढ्या कडक डॉक्टरच्या घरचा मोगरा मात्र कायम पिवळा. मी एकदा डिवचलं, "मामा, घरचाच पेशंट बरा होईना."

"जुनाट दुखणं हाय," म्हणून त्यांनी विषय बदलला.

गेल्या आठवड्यात कढीपत्ता घेऊन ओट्यावर बसलो होतो. मामी तांब्या घेऊन आल्या, मोगऱ्याला पाणी घातलं, आत गेल्या. पाच मिनिटांनी पुन्हा तांब्या घेऊन दारात.

"अवो, मोगऱ्याला पानी घातलं का कुनी?"

मी तोंड उघडलं. मामांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"न्हाई की. तुजीच वाट बघून राहिला."

"माज्याच हातचं लागतं त्याला," मामी खुश होऊन म्हणाल्या. तांब्या रिकामा करून आत गेल्या.

"सकाळधरनं सातवा," मामा हळू आवाजात म्हणाले. "मागं एकदा सांगितलं, आताच घातलंस म्हणून. दिवसभर रडली. 'मला कामून आठवंना?' म्हणत."

"आणि पाणी? नळ तर परवा येणार."

"मी आंघोळ एक दिवसाआड करून राहिलो. पाण्याचं जमतंय. पण हा मेला तर तिनं तांब्या घेऊन कुठं यायचं?"

त्यांनी कुंडी तिरकी करून पाणी निथळवलं, बाटली काढली, झाकण मोजलं, तांब्यात कालवून ओतलं आणि कान लावला. मीही लावला. माती फसफसत होती.

"बोलली," मामा म्हणाले.

आत रांजणात तांब्या बुडाल्याचा आवाज आला. मामांनी बाटली चटकन खुर्चीखाली सरकवली, हात धोतराला पुसले आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे बसले.