ठाण्यावर जाताना गोदाकाकू

आमच्या गोदाकाकूचा पहिला हुकूम ऐकून माणूस चक्रावतोच. "आंघोळ करायची नाय!"

आता आमच्याकडे सरकारी कचेरीत जायचं तर न्हाऊनधुऊन, ठेवणीतली साडी नेसून जायची रीत. मार खाऊन पोलिसांना फोन केलेली बाईसुद्धा आधी न्हाणीत शिरते. पोलादपूरजवळच्या आमच्या गावात असं काही घडलं की सत्तरीची ही एकटी बाई कुठूनशी हजर होते आणि न्हाणीच्या दारात आडवी उभी राहते. कुणाची टाप नाही तिला हलवायची! मी रिक्षा चालवतो, त्यामुळे तिला ठाण्यावर नेणारा कायम मीच.

माझ्या चुलतबहिणीच्या, सुनीताच्या वेळी तर मी थक्कच झालो. मुंबईहून आलेल्या नवऱ्याने तिला काठीने झोडपलं. तिने एकशेबाराला फोन लावला. गाडी आली, नवऱ्याला घेऊन गेली, आणि सुनीताला तक्रार द्यायला मागोमाग बोलावलं. तर ही निघाली बादली भरायला! काकूने बादलीच उपडी केली. "वळ नि रगात हाय तसं ऱ्हाऊ दे गो. डाक्टरला दिसाया नको?"

रिक्षात काकूने तिला सगळं पढवलं. "आधी चिठ्ठी देतील, ती घेऊन सरकारी दवाखान्यात जायचं. मग जबाब. पोलीसबाई माग. कागदाची नक्कल फुकट मिळते, ती घेतल्याबिगर उठायचं नाय."

"काकू, ही वकिली शिकलात कुठं?" मी विचारलं.

"चाळीस वर्सांमागं मी पन गेलते. न्हाऊन, नवं लुगडं नेसून. ते म्हनले, बाई, लागलंय कुठं? आले परत त्याच घरात."

मी रिक्षा आणखी जोरात हाकली.

दवाखान्यात सुनीताच्या हाताला प्लास्टर घातलं. ठाण्यावर परत येतो तर गावकीचे अध्यक्ष हजर! "घरचं भांडण हाय. गावकीत बसवून मिटवू. पोरीनं आज गुमान घरी जावं."

सुनीता डळमळली, माझ्याकडे बघायला लागली. काकूने मात्र शांतपणे विचारलं, "अध्यक्ष, हात तुमचा मोडलाय का तिचा?" अध्यक्ष पान थुंकायला म्हणून बाहेर गेले ते आलेच नाहीत.

जबाब लिहून झाला. काकूला अक्षर वाचता येत नाही. "वाचा परत," ती म्हणाली. पोलीसबाईंनी वाचला. "वाचा परत." तिसऱ्या वेळी काकूचं बोट वर झालं. "किरकोळ दुखापत? बाय, त्या हाताकडं बघा आनि मग लिवा." पोलीसबाईंनी बघितलं, शब्द खोडला, शेजारी सही केली. देवाशपथ, तिथल्या तिथे काकूच्या पाया पडावंसं वाटलं मला!

सही करून, नक्कल घेऊन आम्ही बाहेर पडलो आणि सुनीताला रडू फुटलं. "दादा, आता जाऊ कुठं? तो उद्या सुटून आला तर?" तिला आईबाप नाहीत, आणि माझ्या एका खोलीत आम्ही सहा माणसं.

काकू पदराचं टोक चाळवत उभी होती. इतका बारीक आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "माझ्याकडं ऱ्हाशील? वाटंल तितकं दिवस ऱ्हा. सगळ्या जबाब झाला की माहेरी जातात. एकटीपुरता भात टाकायचा मला लय कटाळा येतो गो."

सुनीताने मान डोलावली.

"मग वाटेत दुकानावर थांब रे," काकू मला म्हणाली. "दोघींपुरतं दूध घेऊ."