रिसबूडकाका आणि ‘पुरे’ म्हणणारी पेशी

आमच्या सोसायटीत माकड शिरलं की सगळे काठ्या घेऊन धावतात आणि रिसबूडकाका वही घेऊन गच्चीत जातात. माकड गेलं की खाली येऊन ते गंभीर चेहऱ्याने वाचून दाखवतात. “माकडाने केलेलं नुकसान : एक पेरू, तोही अर्धा. आपण केलेलं नुकसान : तीन कुंड्या, एका खिडकीची काच आणि सेक्रेटरीसाहेबांचा घोटा.”

आमचे सेक्रेटरी श्रीवास्तवजी तोवर पायऱ्यांवर घोटा धरून बसलेले असतात. “लेकिन साहब, बंदर तो गया न!” ते कण्हत म्हणतात.

“वो तो अमरूद खाकर जाने ही वाला था,” काका म्हणतात. मग माझ्याकडे वळून मराठीत, “बघा, शत्रू एवढासा. मोडतोड सगळी आपल्या शूर सैन्याची. आता पुरे कोण म्हणणार?”

‘पुरे कोण म्हणणार?’ हे काकांचं पालुपद. लग्नाच्या वरातीतला बँड असो, सोसायटीच्या ग्रुपवरचं भांडण असो, टीव्हीवरची चर्चा असो, काका हा प्रश्न विचारणारच. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा शांतताप्रिय आहे. तसं काही नाही. तो त्यांचा व्यवसाय होता.

काका मूळचे चिपळूणचे. लखनौच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली, क्षयाच्या जंतूवर. म्हणजे जंतूवरही नाही. जंतू अंगात आला की शरीरातल्या पेशी एकमेकींना काय निरोप धाडतात, त्यावर. निवृत्त झाल्यावर सगळे आपापल्या गावी परतले. काकांनी लग्न केलं नव्हतं आणि चिपळूणला त्यांचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ते सरोजिनी नगरातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले. अमौसीच्या विमानतळावर उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. विमान आलं की बाकीचे बोलायचे थांबतात, काका तेवढा आवाज चढवतात.

माझी बँकेने हजरतगंजच्या शाखेत बदली केली आणि इमारतीत मराठी कुटुंब आलं हे कळताच काका पहिल्याच रविवारी हजर झाले. वैदेहीने, म्हणजे माझ्या बायकोने, पोहे केले होते. काकांनी त्यातला एक शेंगदाणा बशीच्या मधोमध ठेवला.

“हा क्षयाचा जंतू. ही आपली चौकीदार पेशी. तिने याला गिळला. पण हा पोटात गेला तरी मरत नाही, तिथेच बिऱ्हाड थाटतो. मग दुसऱ्या पेशीकडून निरोप यावा लागतो, ‘अगं, मार त्याला!’ निरोप आला की चौकीदारणीला जोर चढतो. तरीही नाही मेला, तर सगळ्या जमून त्याच्याभोवती कोट बांधतात.” असं म्हणत त्यांनी शेंगदाण्याभोवती पोह्यांचं गोल रिंगण रचलं. “आता तो आत कोंडलेला. आपण बाहेर मजेत. पण ‘मार’ हा निरोप चालूच राहिला तर? जंतूपेक्षा जास्त फुप्फुस त्या मारामारीतच सडतं. म्हणून आणखी एक निरोप लागतो, ‘पुरे’. तो कुठली पेशी देते, केव्हा देते, लवकर दिला तर काय आणि उशिरा दिला तर काय, एवढंच मी तीस वर्षं बघितलं.”

“मग सापडली का?” वैदेहीने विचारलं.

“एक नाही, बऱ्याच निघाल्या. तोच तर घोळ आहे!” काका आनंदाने ओरडले आणि पुढचा दीड तास बोलले. शेंगदाण्याचा कोट कुणालाही मोडू दिला नाही. पोहे गार झाले. कॉलेजात जाणारी आमची मुक्ता, माझ्या बदल्यांमुळे हिंदी मुलखातच वाढलेली, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीतच सुचतं, आत येऊन कुजबुजली, “पापा, इनको पुरे कौन बोलेगा?”

अशा या काकांना आम्ही हसण्यावारी नेत होतो. मग मागच्या वर्षी वैदेहीच्या मानेवर गाठ आली. सुई घालून तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गाठीचा क्षय. सहा महिने गोळ्या, रोज, न चुकता. छातीत काही नाही, त्यामुळे कुणाला लागण होणार नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी दोन्ही वेळा मान डोलावली आणि घरी येऊन वैदेहीचा कप वेगळा केला. ताट वेगळं, टॉवेल वेगळा. मुक्ताला आईच्या खोलीत झोपायला बंदी. सोसायटीत कुणाला कळता कामा नये, अशी ताकीद. मी बँकेतला सुशिक्षित माणूस आहे, हे मुद्दाम सांगतो. वैदेहीने माझ्याकडे बघायचं कमी केलं.

काकांना टेबलावरचं गोळ्यांचं पाकीट बघून एका क्षणात कळलं. त्यांनी विचारलं काहीच नाही. लाल कडेचा, एकटा पडलेला तो कप मात्र उचलला आणि म्हणाले, “वैदेही, मला चहा यात दे.” प्यायले, स्वतः विसळला आणि आमच्या कपांच्या रांगेत नेऊन उभा केला. दुसऱ्या दिवसापासून कुठला कप कुणाचा, ते आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला फार लाज वाटली.

दोन महिने बरे गेले. वैदेहीला भूक लागायला लागली. आणि एकाएकी गाठ फुगली. आधी बोराएवढी होती, ती लिंबाएवढी झाली, लाल आणि गरम. माझं धाबं दणाणलं. पुण्याहून मेहुण्याचा फोन आला, “औषध लागू पडत नाहीये हे उघड आहे. उगाच लिव्हरची वाट लावू नका. बंद करा, माझ्या ओळखीचे एक वैद्य आहेत.” मला ते पटलं. बरं वाटत असताना रोग वाढतो, याला दुसरा अर्थ तरी काय असणार? वैदेहीने गोळ्या खणात टाकल्या.

तिसऱ्या दिवशी काका पेपर मागायला आले. वैदेहीने पदर सारून मान दाखवली आणि सांगून टाकलं, गोळ्या थांबवल्यात.

त्यानंतर जे झालं ते आमच्या इमारतीने आजवर बघितलं नव्हतं. जन्मभर ‘पुरे’चा अभ्यास केलेला तो माणूस असा ओरडला, की चारही मजल्यांची दारं उघडली. “कोणी सांगितलं? कोणत्या गाढवाने सांगितलं?” पेपर फेकला, खुर्ची पाडली. श्रीवास्तवजी लंगडत वर आले. “रिसबूड साहब, धीरे, धीरे। हुआ क्या?”

“कुछ नहीं हुआ! और होने भी नहीं दूँगा!” काका म्हणाले आणि धप्पकन खाली बसले. पाणी प्यायले. मग हळू आवाजात, पहिल्यांदाच थोडक्यात बोलले.

“वैदेही, ऐक. इतके दिवस त्या जंतूंनी तुझ्या पेशींचं तोंड दाबून धरलं होतं. औषधाने ते मरायला लागले, फुटले, त्यांचे तुकडे बाहेर पडले. आता कुठे पेशींना जाग आलीय आणि सगळ्या एकदम बोंबलत सुटल्यात. म्हणून गाठ वाढली असेल. औषध चालत असताना असं होतं. पण दुसरंही कारण असू शकतं. मी डॉक्टर नाही, मी प्रयोगशाळेतल्या उंदरांचा माणूस. आत्ता डॉक्टरकडे जायचं. गोळी बंद करायची की नाही, हे ना मेहुण्याने ठरवायचं, ना याने.” ‘याने’ म्हणजे मी.

डॉक्टरीणबाईंनी गाठीतला नमुना पुन्हा तपासायला पाठवला. जंतू औषधाला दाद देत नाही, असं काही निघालं नाही. “ऐसा कई लोगों में होता है,” त्या म्हणाल्या. “शरीर ज़्यादा शोर मचा रहा है। दवा छोड़नी नहीं है।” सूज उतरायला थोडे दिवस वेगळं औषध दिलं. मला मात्र तीन दिवस वाया घालवल्याबद्दल चांगलंच सुनावलं. काका बाहेर बाकावर बसले होते, आत यायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसातला घंटी. काका आत येत, वैदेहीसमोर उभे राहत, ती गोळ्या गिळेपर्यंत बघत आणि निघून जात. थंडीत कानटोपी घालून, धुक्यात, पाहुण्यांसमोर, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाआधी. सुरुवातीला आम्ही हसायचो. नंतर वैदेही सव्वासातपासून दाराकडे कान लावून बसायला लागली.

महिने संपले. गाठ विरली. गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी वैदेहीला बरं झाल्याचं सांगितलं. आम्ही काकांना जेवायला बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि जेवणभर एक अक्षर बोलले नाहीत. मुक्ताने दोनदा विचारलं, “काका, तबीयत ठीक है न?”

हात धुऊन झाल्यावर ते वैदेहीजवळ आले.

“मी उंदरांच्या पेशी बघितल्या, प्रयोगाच्या काचेच्या बशीतल्या बघितल्या,” ते म्हणाले. “बरा झालेला माणूस जवळून कधी बघितला नाही. मी सात वर्षांचा होतो तेव्हा आईला हेच झालं होतं. इथेच, मानेवर. आठ महिने मला तिच्याजवळ जाऊ दिलं नाही. दारातून बघायचो. औषधाने गाठ वाढली, म्हणून घरच्यांनी औषध बंद केलं, आणि ती गेली. गाठीचा क्षय कुणाला लागत नाही, हे मला पुढे कॉलेजात पुस्तकात सापडलं.”

मुक्ताने खुर्ची सरकवली, पण ते बसले नाहीत.

“हात लावून बघू का?” काकांनी विचारलं.

वैदेहीने केस बाजूला केले आणि मान कलती केली. काकांनी दोन बोटं ठेवली, अगदी हलकेच.

“इथेच होती ना?”

“हो काका. इथेच.”

काकांनी बोटं काढली नाहीत. वैदेहीही मान तशीच कलती ठेवून, न हलता उभी राहिली.