कोटातले बापूराव

तेरवी उद्यावर आली, तरी बापूरावांचा फोटो तयार नव्हता. त्यांची मुलगी मयुरी वर्ध्याला मोतीलालच्या स्टुडिओत तिसऱ्यांदा येऊन बसली होती. तिने दिलेला फोटो साधा होता. आंजीच्या बाजारात भाजीच्या ढिगामागे बसलेले बाबा, खांद्यावर दुपट्टा, नाकाशेजारी चामखीळ, पुढचा एक दात पडलेला, आणि तोंडभर हसू. मोतीलालच्या कॉम्प्युटरने त्यातून कोट-टायमधला एक गोरा, गंभीर गृहस्थ काढला होता.

"भाऊ, हे माये बाबा नाईत."

"ताई, एआयनं आपोआप सुधरवलं. एकदम क्लिअर!"

"चामखीळ कुठं गेली?"

"चामखीळ पाह्यजे?" अशी मागणी मोतीलालने जन्मात ऐकली नसावी. त्याने हुकूम टाइप केला. चामखीळ आली, पण कपाळाच्या मधोमध. एक दात काढायला सांगितला, तर सगळेच गेले. सुरकुत्या मागितल्या, तर गुहेतून उठून आलेले कोणी साधू महाराज अवतरले.

"कोट तरी काढा."

कोट निघाला. आत पहिलवान होता.

"राहू द्या," मयुरी म्हणाली. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. "मूळ फोटोच काढून द्या."

"धूसर येईन, ताई."

"येऊ द्या."

फ्रेम छातीशी धरून ती घरी आली, तर ओट्यावर कोटातला गृहस्थ आधीच हजर. पुरुषभर उंच फ्लेक्स! मोतीलालने तो फोटो प्रेमदासकाकांना परस्पर पाठवून दिला होता.

"पाह्य, कसा साहेबावानी दिसून राह्यला माया भाऊ!" काका म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

तेवढ्यात आई, कुंताबाई, दारात आली. फ्लेक्सवर नजर जाताच तिने डोक्यावर पदर ओढला.

"हे कोन पाहुणे होत वो?"

काकांचा चेहरा पडला. मयुरीने हातातली फ्रेम पुढे केली. कुंताबाईने ती बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, "भाऊजी, ते साहेब राहू द्या ओट्यावर. येनाऱ्या-जानाऱ्यायचे नमस्कार ते घेतीन."

फ्रेम घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. उद्याच्या स्वयंपाकासाठी लसणाचा ढीग पडला होता. त्याच्यासमोर तिने फ्रेम भिंतीला टेकवली.

"हासून काय राह्यले?" आतून तिचा आवाज ओट्यापर्यंत आला. "सोला."