आणखी एक नमुना

काशीतल्या आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत नमुन्यांना तोटा नाही. पण सकाळी अंघोळ करून, सोवळं नेसून गाडीचं जळकं तेल हुंगणारा माणूस एकच, आमच्या शेजारचे नाना. थेंब बोटावर घेतात, अंगठ्याने चोळतात, डोळे मिटतात. मग दुसरा थेंब टिपकागदावर सोडतात आणि डाग पसरेपर्यंत चहालाही शिवत नाहीत.

गंमत म्हणजे नानांकडे गाडीच नाही. गल्ली अशी, की समोरून सांड आला तर माणसाने मागे फिरावं. पण रेल्वेच्या प्रयोगशाळेत इंजिनांचं तेल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. नोकरी संपली, काकू गेल्या, नाद तेवढा राहिला. तेल येतं बंगळुरूहून, त्यांच्या मुलाच्या, शिरीषच्या गाडीचं. दर महिन्याला कुरिअरने एक छोटी बाटली.

"कंपनी म्हणते, इतके किलोमीटर झाले की तेल बदला. का म्हणून? पंचांग बघून भूक लागते काय? तेलालाच विचारा ना! तेल खोटं बोलत नाही."

डाग वाळला की शिरीषला फोन. अर्धा तास चालतो. शेवट ठरलेला. "अजून चालेल असं वाटतं. पण पक्कं सांगायला आणखी एक नमुना पाठव." हे पक्कं काही कधी होत नाही.

तेलात धातू किती झिजून उतरला ते नाकाला कळत नाही, म्हणून थोडं तेल ते नागपूरच्या लॅबला पाठवतात. गेल्या चैत्रात मला पुण्याच्या आत्याला गंगाजल पाठवायचं होतं. दोन्ही बाटल्या सारख्याच, कागदात गुंडाळलेल्या. काशीत रिकामी बाटली म्हणजे गंगाजलाचीच. पत्ते नानांनी चिकटवले. आठवड्याने नागपूरचा अहवाल आला, "नमुन्यात तेल आढळले नाही." त्याच दुपारी आत्याचा फोन, "अरे, गंगा एवढी काळी झाली का रे?" मी कपाळाला हात लावला. नाना मात्र खूश. "बिलकुल बरोबर अहवाल! लॅब भरोशाची आहे."

परवा शिरीषचा मला फोन आला. "दादा, गाडी मी दिवाळीतच विकली. मेट्रोने जातो. मित्राच्या गाडीचं तेल पाठवतोय. नानांना सांगू नका हं. बाटली थांबली तर ते करतील काय?"

मला भरून आलं. तोंड शिवून नानांकडे गेलो. त्यांनी टिपकागद ओळीने मांडले होते. दिवाळीच्या आधीचे डाग तपकिरी, नंतरचे काजळासारखे.

"हे इतके काळे कसे?" मी साळसूदपणे विचारलं.

"डिझेलच्या गाडीचं तेल आहे. शिरीषची पेट्रोलची होती."

होती! मी विचारलं, "मग त्याला काही बोलला नाहीत?"

नानांनी बाटलीचं टोपण घट्ट लावलं. "तेल खोटं बोलत नाही रे. पोरगा बोलतो. बोलू दे."

आणि त्यांनी फोन उचलला. "शिरीष? हां, मिळाली बाटली. तुझी गाडी एकदम ठणठणीत आहे बघ. पण पक्कं सांगायला..."