दातामागचा नाला

सन १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन तुकडे झाले. पूर्वेचा जळगावकडे गेला, पश्चिमेचा धुळ्याकडे. जमीन वाटली, दप्तरं वाटली, खुर्च्या वाटल्या आणि वाटूनही उरलेली भांडणं मिटवायला जळगावात 'वाटणी कचेरी' उघडली. भांडणांना अशा रीतीने हक्काचं घर मिळालं. या घराचे कर्ते पुरुष म्हणजे अव्वल कारकून तोतारामभाऊ.

भाऊंची कीर्ती एका नियमावर उभी होती. पारोळ्याकडचा निंबा नावाचा शेतकरी एकदा कचेरीत आला. धुळ्याच्या हद्दीत उगम पावणारा नाला दर पावसाळ्यात त्याच्या वावरात शिरून माती ओढून नेत होता.

"साहेब, नाला तिकडथीन येस, पन वावर मनं आठे शे," निंबा म्हणाला. "अर्धं व्हाई गयं."

तोतारामभाऊंनी टाक शाईत बुडवला आणि लिहिलं, 'उगम जेथे, जबाबदारी तेथे.' निंबाची रवानगी धुळ्याला झाली. धुळेकरांनी 'नुकसान जेथे, जबाबदारी तेथे' असा शेरा मारून त्याला परत धाडलं. जळगावच्या साहेबाला मात्र भाऊंचा नियम इतका आवडला, की त्याने तो सगळ्या खात्यांना लागू केला. दवाखान्यांनाही.

पुढे भाऊंच्या वरच्या एका पुढच्या दाताजवळची हिरडी सुजली. दाबली की पू येई, आणि दात हलू लागला होता. दिवाळीनंतर मोठ्या साहेबापुढे वार्षिक अहवाल वाचायचा मान भाऊंचा होता, आणि जो अहवाल वाचतो तोच शिरस्तेदार होतो, असा कचेरीचा रिवाज. पुढच्या दाताच्या जागी खिंडार असलेला शिरस्तेदार कोणी पाहिला होता? भाऊ पार घाबरले. बाभळीची काडी दोनदाची चारदा फिरवू लागले, तरी कचेरीत कुजबुज चालूच होती की भाऊ दात घासत नाहीत.

"दवाखानामा जा," त्यांची बायको मंजुळाबाई म्हणाली. "पन तठे जाईसन कचेरी नका करू."

जळगावच्या डॉक्टरांनी तोंडात छोटा आरसा घालून निरखून पाहिलं.

"दात तुम्ही चांगले घासता. दोष तुमचा नाही," ते म्हणाले. "दाताच्या मागच्या अंगाला एक बारीक पन्हळ आहे, ती थेट हिरडीखाली मुळापर्यंत उतरली आहे. तिथे काडी पोचत नाही. मळ त्या वाटेने आत जाऊन साचतो, आणि हिरडी दातापासून सुटत जाते. आत्ताच खरवडून पन्हळ बुजवली, तर दात वाचेल."

"मग बुजवा की!" भाऊंना दोष आपला नाही हे ऐकूनच निम्मं बरं वाटलं होतं.

"बुजवतो. ही पन्हळ लहानपणची, हिरडीच्या आत दात घडत असतानाच पडलेली. तेव्हा आपण कुठे होता?"

"शिरपूरला. आईच्या मांडीवर."

डॉक्टरांनी हातातलं हत्यार खाली ठेवलं. "शिरपूर पश्चिमेत गेलं, भाऊ. उगम जेथे, जबाबदारी तेथे. खाली सही आपलीच आहे."

भाऊ धुळ्याला गेले. तिथल्या डॉक्टरांनी पन्हळीवरचा आपला हक्क मोठ्या मनाने कबूल केला.

"पण पन्हळ दुखते का?"

"नाही. हिरडी दुखते."

"हिरडी सुजली कुठे?"

"जळगावात."

"मग आमच्या दातावर आळ कशाला घेता? तुमच्या जिल्ह्याला हिरडी सांभाळता आली नाही, असं म्हणा."

भाऊ गाल धरून बाहेर पडले. समोर कचेरीच्या व्हरांड्यात निंबा बसला होता. त्याने अंग चोरून जागा केली.

"साहेब, तुमीन बी आठेच उनात का? बसा. आठे सावली बरी शे."

कागद जात-येत राहिले, आणि दात कागदागणिक थोडा थोडा सैल झाला. शेवटी संयुक्त पाहणीचा हुकूम निघाला. निंबाच्या नाल्याची पाहणी हद्दीवर व्हायचीच होती. एका फेरीत दोन कामं उरकावीत म्हणून दातही तिलाच जोडण्यात आला.

ठरल्या दिवशी निंबाच्या वावरात, नाल्याने खणलेल्या घळीत, बरोबर हद्दीवर खुर्ची मांडली. भाऊंचं धड पूर्वेला आणि मागे टेकवलेलं डोकं पश्चिमेला. धुळ्याच्या डॉक्टरांनी दात धरला, जळगावच्या डॉक्टरांनी हिरडी.

"पाहा, तुमचा दात आमच्या हिरडीवर रेलतो आहे!"

"तुमची हिरडीच त्याला आधार देत नाही!"

आपापला मुद्दा पटवून देताना दोघांनीही जरा जोर लावला. दात निघाला, आणि उडून नाल्यात पडला.

मग पंचनामा लिहिला गेला : 'पन्हळ दातासह नाहीशी झाल्याने उगम उरला नाही. सबब प्रकरण निकाली. दोन्ही जिल्ह्यांचे सहकार्य अनुकरणीय.' सह्या झाल्या, पानसुपारी झाली. तोतारामभाऊंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दात वाचण्यासारखा होता, आणि हे तिथे फक्त त्यांनाच आठवत होतं. अहवाल पुढे दुसऱ्याच कारकुनाने वाचला.

मंडळी टांग्यात बसू लागली, तेव्हा निंबा भाऊंजवळ आला.

"साहेब, आनि मना नाला?"

भाऊंनी तोंडावरचा रुमाल काढला. त्यांना काहीतरी वेगळं बोलायचं होतं, पण जिभेला इतक्या वर्षांचं वळण होतं. नव्या फटीतून वारा सोडत ते म्हणाले, "पाहणी झाली ना रे. कागदावर आलं आहे."

आणि ते खोटं नव्हतं. दोन जिल्ह्यांचे अधिकारी सबंध दुपार निंबाच्या वाहून गेलेल्या वावरात उभे होते. फक्त सगळ्यांचे डोळे भाऊंच्या तोंडात होते, खाली कोणी पाहिलंच नाही. अधिकाऱ्यांना नावं ठेवायचा हक्क वाचकांना आहेच. पण खरं सांगा, वावर कुणाचं वाहून जात होतं हे विसरून, मघापासून तुमची जीभसुद्धा दातामागची पन्हळच चाचपत होती ना?