सगळ्यात लहान पुली

अमरावतीत गाडीतलं खरोखर कळणारी माणसं मोजकीच आहेत, आणि त्यात माझं नाव पहिलं घ्यायला काहीच हरकत नाही! मी ललित. दिवसभर सरकारी कचेरीत फायली ढकलतो, पण जीव माझा लाल गाडीत. दिसायला ती चार दारांची साधीसुधी. आतून मात्र मी तिला असं सजवलं होतं, की सिग्नल सुटला की शेजारचा मोटारसायकलवाला धूर झटकत बसे. सायलेन्सर बदलला, फिल्टर बदलला, स्प्रिंगा बदलल्या. उरलं होतं एकच. क्रँकची पुली!

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगतो. इंजिनाच्या तोंडाशी एक चाक असतं. त्यावरून पट्टा जातो आणि तो पट्टा बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला, एसीला, पाण्याच्या पंपाला, पॉवर स्टिअरिंगला, सगळ्यांना फिरवतो. म्हणजे कमावणारा एक आणि खाणारे चार! ते चाक लहान बसवलं की हे चौघं हळू फिरतात, कमी खातात आणि वाचलेली ताकद थेट गाडीच्या चाकांना मिळते. किती सोपं! हे सगळं मी मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलो होतो. गॅरेजवाला माझा दोस्त उसामा, तोही तेच व्हिडिओ बघत होता.

साळ्याचं, म्हणजे नितेशचं, अकोल्याला लग्न ठरलं होतं आणि नवरदेवाची गाडी म्हणून माझीच गाडी ठरली होती. अशा वेळी गाडीत कसर राहून चालेल का? कपडे घ्यायला निघालेल्या बायकोला, प्रियदर्शनीला, मी ‘दोनच मिनिटं’ म्हणून उसामाच्या गॅरेजात नेलं. त्यानं पोत्यावर तीन पुल्या मांडल्या.

“भाई, ही जराशी लहान, ही तिच्याहून लहान, अन् ही एकदमच बारकी.”

मी एक उचलली, वजन केलं, उन्हात धरली, खाली ठेवली. दुसरी उचलली. पुन्हा पहिली.

“तुमी साडीच्या दुकानात दहा मिनटात जांभया देता,” प्रियदर्शनी म्हणाली, “अन् इथं एका चकतीले अर्धा तास पाहून राहिले!”

“चकती नाही ती. पुली हाय.”

“मंग घ्या ना मधली. ना लहान, ना मोठी.”

मधली! असं मधलं मधलं करत बसलो असतो तर मी आज कुठे असतो? म्हणजे आहे तिथेच असतो, पण तरी! उसामानं सगळ्यात बारकी माझ्या हातात ठेवली. “भाई, घ्यायचीच हाय तं मग अशी घ्या ना, की लोकं विचारतीन.”

लोकांनी विचारलं. ते पुढे येईलच.

पुली बसली. तिला आखूड पट्टा लागला, तोही बसला. पहाटे बायपासवर नेऊन बघितली आणि काय सांगू! गाडी पतंगासारखी वर ओढत होती. आम्ही ती पळवली, आणखी पळवली, मनसोक्त पळवली. उभी करून बघायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. उभं राहायला कोण गाडी घेतं?

लग्नाच्या दिवशी अमरावती ते अकोला हा प्रवास म्हणजे नुसतं लोणी. झेंडूच्या माळा फडफडत होत्या, एसी गारेगार, आणि मागच्या सीटवर शेरवानी-फेट्यातला नितेश. “भाऊजी, गाडी हाय का इमान? उडूनच राहिली!” मी नुसता हसलो. मोठी माणसं अशीच हसतात.

मग वरात निघाली.

वरात म्हणजे काय, तर पुढे डीजे, त्याच्यामागे नाचणारे, त्यांच्यामागे गाडी. मागून मुंगी आली तर तिला वाट द्यावी लागेल इतका वेग! मे महिना, अकोल्याचं ऊन. सकाळीच डांबर चपलेला चिकटत होतं. काचा बंद, एसी चालू.

“भाऊजी, एसी लावा ना.”

“लावलाच हाय.”

“मंग हे गरम काय येऊन राहिलं?”

मी हात लावून बघितला. झोत तव्यावरून आल्यासारखा! तेवढ्यात डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टिअरिंग फिरवलं तर विहिरीचा रहाट ओढतोय असं वाटलं. आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुली लहान, गाडी जागच्या जागी, म्हणजे ते चार खाणारे जवळजवळ उपाशीच! अल्टरनेटर उपाशी, एसी उपाशी, पाण्याचा पंप उपाशी. घशाला कोरड पडली. माझ्याही आणि इंजिनाच्याही.

उपाय एकच, इंजिन जोरात फिरवायचं. मी गाडी न्यूट्रलला टाकून एक्सलरेटर दाबला. माझ्या नव्या सायलेन्सरनं अशी डरकाळी फोडली, की नाचणारे जागेवर थबकले, वळले आणि आनंदानं वेडे झाले!

“अजून एकदा! भाऊजी, अजून एकदा!”

मी दाबत होतो इंजिन वाचवायला, ते नाचत होते डरकाळीवर. डीजेवाल्याला वाटलं आपल्याशी स्पर्धा लागली. त्यानं आवाज वाढवला. वरातीला आलेला उसामा तर बोनेटवर थाप मारून नाचत होता. मी काचेतून त्याला खुणा केल्या, त्यानंही तशाच खुणा करून ठेका धरला!

तापमानाचा काटा लाल पट्टीत शिरला. आता शेवटचा इलाज. इंजिनाची गरमी बाहेर काढायची तर गाडीतला हीटर लावावा लागतो. मी लावला.

“भाऊजी!” नितेश किंचाळला. “तुमी मले भाजून काढून राहिले काय?”

“दोन मिनटं कळ काढ!”

आरशात बघितलं तर फेट्याचा रंग उतरून त्याच्या गालावर गुलाबी ओघळ. डोळे फिरायला लागले होते. मी हादरलो! लग्नाच्या दिवशी साळा माझ्या गाडीत शिजून मेला तर प्रियदर्शनीला तोंड कसं दाखवू? फोन करावा तर माझा फोन फोटो काढायला तिच्याकडे, नितेशचा त्याच्या मामाकडे.

डावीकडे एक गल्ली मोकळी दिसली. मागचापुढचा विचार न करता मी गाडी वळवली आणि सुसाट सुटलो. वेग आला की पंप फिरेल, हवा लागेल, एक चक्कर मारून परत येऊ! मागून मोठ्ठा ओरडा आला. मला वाटलं, लोक खूष झालेत.

ते ओरडत होते, “नवरदेव पळाला! पळाला रे नवरदेव!”

इकडे हमरस्त्यावर काटा उतरला, एसी गार झाला, नितेशचे डोळे जाग्यावर आले. “भाऊजी, आनखी थोडं पुढं चला ना.” गेलो. गेलो तो थेट रेल्वे फाटकावर. फाटक बंद. पुढे मालवाहू ट्रक, मागे मालवाहू ट्रक. गाडी दोनदा थरथरली आणि विझली. किल्ली फिरवली. टक. बॅटरी संपली होती.

बाजूलाच रसवंती होती. नितेशला तिथल्या बाकावर सावलीत बसवलं आणि उसाचा रस पाजला.

हॉलवर काय झालं ते नंतर कळलं. कोणी म्हणालं, मुलाचं अमरावतीत आधीच कुठं तरी होतं. कोणी म्हणालं, त्यांच्याच जावयानं पळवला, म्हणून तर गाडी अशी तयार केली होती! नवरीचे वडील महादेवराव मटकन खुर्चीत बसले. भंतेजी वंदनेसाठी तयार होऊन एकदा दाराकडे, एकदा घड्याळाकडे बघत होते, कारण त्यांना पुढे दुसरं लग्न होतं. प्रियदर्शनी सगळ्यांना हात जोडून सांगत होती, “माहा भाऊ असा नाही जी!” आणि कोणीतरी विचारलं, “अन् तुमचा नवरा?” यावर ती म्हणे भंतेजींना पाणी द्यायला गेली.

आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. नितेश दुसरा ग्लास घेत होता. तेवढ्यात धुरळा उडवत एक दुचाकी आली आणि करकचून थांबली. पांढरी साडी, केसांत गजरा, कपाळावर घाम. नवरी! खुद्द माधवी!

नितेशच्या हातातला ग्लास तोंडापाशीच राहिला.

“पळूनच जायचं होतं,” माधवीचा आवाज कापत होता, “तं इतक्या जवळ काहून थांबले?”

“मी? पळून? कोन म्हनते?”

“अख्खं अकोला म्हनून राहिलं! बाबा तिकडं पानी पिऊन नाही राहिले. अन् तुमी इथं रस पिऊन राहिले!”

मी पुढे झालो. “माधवीताई, चूक याची नाही. पुली लहान पडली.”

“काय पडलं?”

मी खाली बसून मातीत बोटानं एक मोठं वर्तुळ काढलं, शेजारी एक लहान काढलं आणि पट्टा काढायला घेतला. माधवीनं वर्तुळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, मला वाटतं पट्ट्यामुळे नसावेत.

“हे राहू द्या भाऊजी. मले एकच सांगा,” ती नितेशकडे वळली, “तुमाले माह्याशी लग्न करायचं हाय का नाही?”

“हाय ना!” नितेश इतक्या जोरात ओरडला की ट्रकवाल्यांनी माना बाहेर काढल्या. “तुह्याशीच करायचं हाय!”

मग त्याच्या गालावरचा गुलाबी ओघळ तिनं पदरानं पुसला. “मंग बसा मांगं.”

आणि नवरदेव फेटा काखेत धरून नवरीच्या मागे बसून गेला! मी हात हलवला. कोणी बघितलं नाही.

उसामा बॅटरी घेऊन आला तोवर लग्न लागलं होतं. हॉलमध्ये शिरलो तर सगळ्या पंगतींच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. महादेवराव उठून माझ्याकडे आले. मी गाल तयार ठेवला. “जावईबापू,” ते थकल्या आवाजात म्हणाले, “जेवून घ्या.” मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

परत येताना नवरा-नवरी वऱ्हाडाच्या बसमध्ये बसले. प्रियदर्शनीही. मी एकटा गाडीत, कुठेही न थांबता, कारण थांबायची हिंमतच नव्हती. सासुरवाडीच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो, वळायला म्हणून वेग कमी केला आणि गाडी तिथेच आडवी बंद पडली. मागून बस आली. आत जायला वाटच नाही! उंबऱ्यावर माप ठेवून ताटकळलेल्या बायका दारात, नवरी बसमध्ये, आणि मध्ये माझी गाडी.

सगळे उतरले. बाह्या सरसावल्या. मीही धक्का मारायला उतरत होतो, तर पदर खोचून माधवी माझ्या खिडकीशी आली.

“भाऊजी, तुमी बसा. ढकलाले मानसं लय हायेत.” आणि जरा आवाज खाली आणून म्हणाली, “फक्त एक करा. कशालेच हात लावू नोका.”

बसलो. दोन्ही हात मांडीवर ठेवून.